काका, तुमच्या डिकीवरचा तो धुरकट पट्टा

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

समोर येऊन आभार मानायला लागलो की तुम्ही "बरं बरं, बादली उचल" म्हणून विषय संपवता. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. इतरांनीही वाचावं. त्या आठवड्यात ज्यांनी मला वेड्यात काढलं, त्यांनी तर जरूर वाचावं.

मी काय करून बसलो होतो ते तुम्ही पाहिलंच आहे. गाडी गडद निळी, बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे. पॉलिशचं मशीन नाही, अनुभव नाही, हौस मात्र दांडगी. भर उन्हात तापलेल्या पत्र्यावर कंपाउंड, म्हणजे ओरखडे घासून काढायची पेस्ट, थापलं आणि बोटांच्या टोकांनी जीव खाऊन घासत सुटलो. ते जागच्या जागी वाळलं. निघेना म्हणून आणखी घासलं. संध्याकाळपर्यंत बॉनेटवर दुधावर साय धरावी तसा पांढुरका थर दिसायला लागला, आणि त्यात माझ्या बोटांचे पट्टे मोजता येत होते.

मग जाणकारांचे उंबरे झिजवले. एकाने लांबूनच निकाल दिला, "अख्खं बॉनेट रंगवावं लागेल." हातसुद्धा न लावता! दुसऱ्याने चारचौघांत विचारलं, "हाताने? भांडी घासतोस का?" तिसरा त्यातल्या त्यात मदतीला आला. ज्या फडक्याने नुकतंच चाक पुसलं होतं, त्याच फडक्याने त्याने माझं बॉनेट पुसून दिलं. जुन्या ओरखड्यांत नव्यांची भर.

तुम्ही टॉर्च घेऊन खाली आलात. काही विचारलं नाहीत. उजेड तिरका धरून पाहिलंत, ओरखड्यांवरून अलगद नख फिरवलंत आणि म्हणालात, "नख अडकत नाही. वरच्या थरातच आहे सगळं. निघेल." चार दिवसांत माझ्या गाडीला हात लावून पाहणारे तुम्ही पहिले. दाराजवळच्या त्या एका लांब ओरखड्यात मात्र नख अडकलं, तेव्हा "याच्या नादी लागू नकोस" हेही तितक्याच सरळपणे सांगितलंत.

मला वाटलं होतं, आता तुम्ही हातातलं पॅड घेऊन करून दाखवाल. तुम्ही वर गेलात आणि तुमच्या गाडीची चावी घेऊन आलात. गाडी सावलीत लावलीत, डिकी धुतलीत, हाताला गार लागते ना ते पाहिलंत, कडांना मास्किंग टेप लावलीत आणि मला म्हणालात, "आधी इथे हात बसव."

काका, तुमची गाडी! जी धुताना तुम्ही साबणाची बादली वेगळी आणि फडकं खंगाळायची वेगळी ठेवता. माझं फडकं एकदा जमिनीवर पडलं तर तुम्ही ते पायाने बाजूला सारलंत, "हे आजपासून चाकांचं" म्हणालात आणि खिशातलं स्वच्छ मायक्रोफायबर काढून दिलंत. अशा माणसाने आपली डिकी माझ्यासारख्या घासघिशाच्या हवाली करावी? वरचा पारदर्शक थर जेमतेम ४० ते ५० मायक्रॉनचा असतो आणि कडांवर रंग आणखी पातळ, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. म्हणजे काय पणाला लावताय ते तुम्हाला पक्कं माहीत होतं.

आणि मी व्हायचा तो घोळ केलाच. जोर जास्त लागला, हातभर पट्टा धुरकट झाला. माझ्या पोटात गोळा आला. तुम्ही टॉर्च मारलात, पट्ट्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "छान. आता कळलं ना, जोर कुठे थांबवायचा?" आवाजात टोमणा नव्हता. तुमच्या चेहऱ्यावर तो शोधला मी, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर माझ्या बॉनेटचं काम सावकाश झालं. दोन हात लांबीरुंदीचा तुकडा घ्यायचा, बारीक पॉलिश, सरळ रेषेत हात, पुसायचं, बघायचं, पुन्हा. खांदे भरून आले. पण तिसऱ्या संध्याकाळी बॉनेटमध्ये खिडकीची चौकट स्पष्ट दिसली, गजांसकट. हाताने केलेलं आहे, जवळून पाहिलं तर थोड्या रेघा राहिल्यात. असोत. वॅक्स मारून त्या लपवायच्या आणि गेल्या म्हणायचं, हा धंदा तुम्हाला चालत नाही, आता मलाही नाही.

मोठी मदत करणारे लोक असतात, त्यांचं कौतुक होतंच. पण नवख्याची फजिती पाहून ज्याला हसू येत नाही, ज्याला आपलं नवखेपण अजून आठवतं, असा माणूस शेजारी असणं किती सुखाचं असतं! तुमच्यामुळे हल्ली मीही कुणाला पटकन "तुला नाही जमणार" म्हणत नाही. जिभेवर आलेलं गिळतो.

आता खरं कारण लिहितो. काल तुमच्या गाडीमागून जात होतो, ऊन तिरकं होतं. तो पट्टा अजून तिथेच आहे. तुम्ही काढला नाहीत. सवडीअभावी की मुद्दाम, तुमचं तुम्हाला माहीत. रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, मी खाली येतोय. बादल्या दोन्ही भरून ठेवतो, पॉलिश बारीक आणतो, फडकी सगळी धुतलेली. तुम्ही फक्त चावी द्या आणि खुर्ची टाकून बसा. जोर जास्त लागला तर ओरडा.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा घासघिशा