सूचना: गरोदर व बाळंतीण रुग्णांसाठी मानसोपचार सल्ला

सर्व सदस्य डॉक्टरांना नमस्कार.

गरोदर किंवा बाळंतीण रुग्णाच्या मानसोपचाराच्या औषधांबद्दल शंका असेल, तर आधी आपल्या सल्लागार मानसोपचारतज्ज्ञांना फोन करा, मग गोळी बंद करायची की नाही ते ठरवा. सध्या उलटंच जास्त होतंय. गर्भ राहिला म्हणून सर्ट्रालिन (नैराश्यावरचं औषध) एका दिवसात थांबवलं की आजार उलटण्याचा धोका असतो, आणि आईचा आजार बाळालाही बाधतो. व्हॅल्प्रोएट या मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाची गोष्ट वेगळी. त्याने गर्भात व्यंग येऊ शकतं, तिथे त्याच दिवशी विचारा.

फोन करताना किती आठवडे झाले, औषधाचा डोस, पूर्वीचा आजार आणि बाळ अंगावर पितं का, एवढं हाताशी ठेवा. नाव कळवायची गरज नाही. एडिनबरा प्रश्नावली (बाळंतपणाच्या काळातलं नैराश्य तपासणारे 10 प्रश्न) भरून घेतली असेल तर नुसती गुणांची बेरीज सांगू नका. 10वा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. बेरीज कमी असली तरी तिथे शून्य नसेल, तर ते सगळ्यांत आधी सांगा.

बाळंतपणानंतर, विशेषतः पहिल्या 2 आठवड्यांत, झोप उडाली, बोलणं असंबद्ध झालं, भास होऊ लागले तर सल्ल्यासाठी थांबू नका. तातडीने दाखल करा, तोवर आई-बाळाजवळ कुणीतरी राहू द्या.