बॅनरवर कचऱ्याची पिशवी

दादा,

परवा फोनवर सांगायला लागलो तर "मटण भाजायच्या स्पर्धेत स्पॉन्सरची भांडणं" एवढं ऐकूनच तू हसत सुटलास आणि मग रेंज गेली, म्हणून आता सगळं टाईप करून पाठवतोय. निवांत वाच आणि वाचून झालं की उत्तर दे, कारण विषय तुझ्याच खात्यातला आहे. वीस वर्षं मंडळाची वर्गणी गोळा करतोयस, कमानीवर कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली यावरनं शिव्या खाल्ल्यास, तुला नाही कळणार तर कुणाला.

आधी थोडी पार्श्वभूमी. आमच्या ऑफिसातल्या पाच जणांनी दोन वर्षांपूर्वी बार्बेक्यूची टीम काढली हे तुला माहितीये. कॅन्सस सिटीत राहायचं आणि बार्बेक्यू करायचं नाही म्हणजे कोल्हापुरात राहून तांबडा-पांढरा न खाण्यासारखं आहे. इथली कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटी १९८५ साली सुरू झाली आणि आता तिच्या नियमांवर अमेरिकाभर स्पर्धा होतात. चार प्रकार असतात, चिकन, बरगड्या, पोर्क आणि ब्रिस्केट. (ब्रिस्केट म्हणजे गाई-बैलाच्या छातीचं मांस, ते आईला सांगू नकोस, मी ते खात नाही, माझं आपलं चिकनपुरतं.) शनिवारी दुपारी बारा वाजता परीक्षकांसाठी चिकनचा डबा द्यायचा, साडेबाराला बरगड्या, एकला पोर्क, दीडला ब्रिस्केट, आणि पाच मिनिटं इकडे पाच मिनिटं तिकडे, त्यानंतर डबा नेलास तर घेतच नाहीत. त्यासाठी शुक्रवारी रात्रभर स्मोकरपाशी, म्हणजे धुरावर मांस शिजवायच्या भट्टीपाशी बसायचं. गॅस चालत नाही, इलेक्ट्रिक चालत नाही, लाकूड, कोळसा नाहीतर लाकडाच्या गोळ्या. म्हणजे कोळशाला इथं केवढा मान असेल बघ, आणि भांडण पण कोळशावरनंच झालं.

टीममध्ये माझी कामं दोन, एक म्हणजे डबे लावणे आणि दुसरं हिशोब आणि फॉर्म. डबे लावणे ऐकायला सोपं वाटतं, पण पहाटे पाचला थंडीत बसून पार्सलीची एकेक काडी तोडून पांढऱ्या थर्माकोलच्या डब्यात अशी गच्च लावायची की हिरव्या लॉनसारखी दिसली पाहिजे, मग त्याच्यावर मांसाचे तुकडे, कमीत कमी सहा कारण एका टेबलावर सहा परीक्षक, आणि कडेला सॉसचा थेंब लागला असेल तर कान साफ करायच्या काडीने पुसायचा. डब्यावर कसलीही खूण चालत नाही. कुणाचा डबा कुठल्या टेबलावर गेला ते परीक्षकाला कळू नये म्हणून वरचा नंबरसुद्धा बदलतात. म्हणजे बघ, परीक्षकांच्या तंबूच्या आत नावाला काडीची किंमत नाही आणि तंबूच्या बाहेर सगळी मारामारी नावासाठीच.

आता स्पॉन्सर. एका स्पर्धेला आम्हाला हजार-बाराशे डॉलर लागतात, एन्ट्री फी, मांस, बर्फ, डिझेल सगळं धरून, आणि बक्षीस नाही मिळालं तर ते गेले. आमच्या घराजवळ एक नवरा-बायको बार्बेक्यूच्या सामानाचं दुकान चालवतात, कोळसा, लाकूड, मसाले, थर्मामीटर, आणि स्वतःच्या नावाचा कोळसा पण पॅक करून विकतात. त्यांनी यावर्षी आम्हाला हात दिला, वर्षभराचा कोळसा फुकट आणि सहा स्पर्धांची फी. बदल्यात काय, तर तंबूवर त्यांचं बॅनर, आमच्या एप्रनवर आणि टोप्यांवर नाव, आणि स्टेजवर बोलावलं तर फोटोत ते नाव दिसलं पाहिजे, बास. कॅप्टनला एवढा आनंद झाला की त्याने स्मोकरच्या दारावर पण त्यांचा लोगो रंगवून घेतला, वीतभर मोठा, लाल.

तर जूनमध्ये इथून दोन तासांवरच्या एका गावात स्पर्धा होती. शुक्रवारी दुपारी पोचलो, तंबू ठोकला, मांस तपासून घेतलं (तपासणी झाल्याशिवाय मीठसुद्धा लावायचं नाही असा नियम), विस्तव पेटवला, आणि सहाच्या सुमाराला आयोजकांची बाई गोल्फ कार्टमधनं आली. अगदी गोड बोलली हं, हातात लिंबूपाणी. म्हणे तुमचं बॅनर सुंदर आहे, पण झाकावं लागेल. का, तर यावर्षी स्पर्धेचा मुख्य स्पॉन्सर एक मोठी कोळशाची कंपनी आहे आणि त्यांच्याशी करार झालाय की मैदानावर दुसऱ्या कुठल्याच कोळशाचं नाव दिसणार नाही. बॅनर, टोप्या, एप्रन, रिकाम्या पोत्यांसकट. कोळसा कुठला वापरायचा तो वापरा म्हणे, फक्त दिसू देऊ नका.

कॅप्टन तापला. सोसायटीचा जो प्रतिनिधी असतो त्याच्याकडे गेला, तो बिचारा म्हणाला की माझ्या नियमात विस्तव, मांस, वेळ आणि गुण एवढंच येतं, मैदान आयोजकाचं आहे, मी त्यात पडत नाही. मग कॅप्टन परत येऊन त्या बाईला म्हणाला, हे आधी का नाही सांगितलं. तिने शांतपणे फोन काढला आणि आमचाच फॉर्म दाखवला. चौथ्या पानावर, खालनं दुसऱ्या ओळीत, स्पर्धेच्या स्पॉन्सरशी स्पर्धा करणाऱ्या ब्रँडची जाहिरात करणार नाही असं लिहिलेलं आणि शेजारी बरोबरची खूण. ती खूण कुणी केली? फॉर्म कोण भरतं? मी. ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसून एका हाताने भरला होता, वाचलंच नाही. दादा, इतका वरमलो ना, पार्सलीच्या जुडीत तोंड लपवावंसं वाटलं.

मग रात्री आमचा सर्कस सुरू झाला. पोत्यातला कोळसा दोन प्लास्टिकच्या ड्रममध्ये ओतला, पोती घडी करून गाडीत. बॅनर उतरवायला गेलो तर कॅप्टन म्हणाला उतरवायचं नाही, झाकायचं म्हणलीये ना, झाकू, म्हणून कचऱ्याच्या काळ्या पिशव्या फाडून डक्ट टेपने चिकटवल्या, वाऱ्याने रात्रभर फडफड फडफड, झोप कुणाला नाही. टोप्या उलट्या करून घातल्या. राहिलं स्मोकरचं दार. त्याच्यावर टेप लावली तर अर्ध्या तासात वितळून खाली आली आणि असा वास सुटला की शेजारची टीम बघायला आली, कारण आतमध्ये अडीचशे फॅरनहाइट, म्हणजे आपल्या हिशोबाने एकशेवीस डिग्री, दार किती तापत असेल बघ. ओला टॉवेल टाकला तर तो वाळून कडक झाला. शेवटी पिकअप ट्रक आडवा लावला स्मोकरसमोर, आणि रात्रभर दर तासाला ट्रकला वळसा घालून बोळकांडीतनं जाऊन लाकूड टाकत होतो.

मला तेव्हा काय आठवलं सांगू? १९९६ चा वर्ल्ड कप. कोकवाल्यांनी पैसे भरून ऑफिशियल ड्रिंक झाले आणि पेप्सीवाल्यांनी "नथिंग ऑफिशियल अबाऊट इट" म्हणून सगळा भाव खाल्ला, तू तो स्टिकर आपल्या कपाटाला लावलेलास आणि बाबांनी ओरडून खरवडायला लावलेला, अजून डाग असेल. आणि मग २००२ ला तेच उलटं फिरलं, चॅम्पियन्स ट्रॉफीच्या आधी आयसीसीने खेळाडूंना सांगितलं की आमच्या स्पॉन्सरच्या विरोधातल्या जाहिराती स्पर्धेच्या दिवसांत करायच्या नाहीत, आयसीसीकडे एलजी आणि आपल्या पोरांकडे सॅमसंग, सह्या करणार नाही म्हणून बसलेले सगळे, तू रोज पेपर वाचून दाखवायचास. २००३ ला सेंच्युरियनला आपली ऑस्ट्रेलियाशी मॅच होती तेव्हा एका माणसाला कोक पीत होता म्हणून स्टेडियमबाहेर काढलं, कारण त्यावेळी ऑफिशियल पेप्सी. आपण हसलो होतो. आता मी तोच कोकवाला माणूस झालो की रे.

बरं, मी नंतर शांत डोक्याने विचार केला तर त्या मोठ्या कंपनीचं मला फार चुकीचं वाटत नाही. बक्षिसाची सगळी रक्कम त्यांनी दिलेली, लाईट-पाणी-पोर्टेबल संडासाचा खर्च त्यांच्यातनंच, ते नसते तर स्पर्धाच झाली नसती, आणि एवढे पैसे टाकून समोर दुसऱ्याचं बॅनर कोण बघून घेईल. हे सगळीकडेच आहे, ह्यूस्टनला रोडिओची (घोडे-बैलांच्या खेळांची जत्रा) बार्बेक्यू स्पर्धा १९७४ पासून चालते, तिथले टीमचे मोठमोठे तंबू म्हणजे कंपन्यांच्या पार्ट्या असतात, आमंत्रण असल्याशिवाय आत नाही. आणि टेनेसीत तर एका व्हिस्कीवाल्याने १९८९ पासून स्वतःच्याच नावाची जागतिक स्पर्धा भरवली, तीही दारूबंदी असलेल्या तालुक्यात. अरे कोळशाचंच घे, मोटारवाला हेन्री फोर्ड, त्याच्या गाड्यांना लाकूड लागायचं, त्यातलं भंगार वाया जाऊ नये म्हणून १९२० नंतर त्याने कोळशाच्या वड्या पाडल्या आणि गाडीच्या शोरूममधनं विकल्या. म्हणजे हा धंदा पहिल्यापासनं जाहिरातवाल्यांचाच.

माझा राग आयोजकावर आहे. मैदान त्याचं, ते त्याने विकलं, ठीक. स्टेज विकलं, ठीक. पण आमच्या अंगावरची आणि आमच्या तंबूवरची जागा पण त्याने त्याच सौद्यात धरली, जी आम्ही सहा महिने आधीच दुसऱ्याला दिलेली, आणि वर आमच्याकडनं एन्ट्री फी पण घेतली. दहीहंडीत निदान सगळ्यांना उघड माहिती असतं, टी-शर्ट एका साहेबांचा आणि हंडी दुसऱ्या साहेबांची, थर लावायच्या आधी ट्रकमध्येच शर्ट बदलायचा. डोंबिवलीचा मन्या सांगायचा ना, एका दिवसात चार शर्ट मिळाले म्हणून. इथं तसं नाही, इथं कागद दाखवतात.

पण खरं वाईट दुसऱ्या दिवशी वाटलं. शनिवारी अकराला ते दुकानवाले नवरा-बायको आले, म्हातारे वडील बरोबर, घडीच्या खुर्च्या घेऊन, आपलं नाव लागलेलं बघायला. मी त्यांना फोन करून आधी सांगायला पाहिजे होतं, पण हिंमतच झाली नाही. ते आमचा तंबू शोधत दोनदा पुढनं गेले, कारण नाव कुठंच नाही. मग मीच पळत जाऊन आणलं त्यांना. काळ्या पिशव्या बघितल्या दुकानवाल्याने, एका पिशवीचा कोपरा सुटून त्याच्या नावाची पहिली दोन अक्षरं दिसत होती, तो गेला आणि स्वतःच्या हाताने कोपरा परत चिकटवून आला. बोलला काहीच नाही. मी माफी मागितली, खूण मीच केली हे पण सांगितलं, तर मान हलवून म्हणाला, चिकन कधी आहे.

बरगड्यांना आमचा सातवा नंबर आला! चाळीस टीममध्ये. नाव पुकारलं तेव्हा कॅप्टन एप्रन काढायला लागला आणि मग काय मनात आलं कुणास ठाऊक, काढून उलटा करून घातला आणि तसाच स्टेजवर गेला. आता भरतकाम मागनं कसं दिसतं तुला माहितीये, दोरे लोंबतायत, अक्षरं आरशातल्यासारखी उलटी. मागे त्या मोठ्या कंपनीचा भला मोठा फलक आणि पुढे आमचा कॅप्टन उलट्या नावाचा. गोल्फ कार्टवाली बाई बघत होती, तिला कळलं, पण ती पण हसायला लागली, आणि दुकानवाल्याची बायको तर खुर्चीत वाकून वाकून हसत होती. तो फोटो आता त्यांच्या दुकानात गल्ल्याच्या मागे लावलाय, खरं सांगतो. तरी पुढच्या वर्षीचं विचारलं तर तो म्हणाला, बघू, आधी कागद दाखवा.

तर आता काम तुझ्याकडे. मला आठवतंय, ज्या वर्षी कमान एका सराफाची घेतलेली आणि अप्पांनी परस्पर त्याच्याच समोरच्या सराफाकडनं बँडच्या खर्चाचे पैसे आणले, आणि दोघंही आरतीला आमनेसामने आले, त्या वर्षी तू रात्रीत मार्ग काढलास, एकाला दहा दिवसांची कमान आणि दुसऱ्याला फक्त विसर्जनाची मिरवणूक, कमानीखालनं मिरवणूक जाताना बॅनर खाली घ्यायचं. त्यानंतर पावतीबुकाच्या मागं तू नियम छापून घेतले होतेस, चार-पाच ओळीच होत्या, पण कुणाला कुठली जागा, किती दिवस, आणि कुणाबरोबर चालणार नाही, सगळं होतं. त्या पानाचा फोटो काढून पाठव. मी ते इंग्रजीत करून पुढच्या स्पर्धेच्या आयोजकाला फी भरायच्या आधी पाठवणार आहे, आणि त्याची सही आल्याशिवाय फॉर्मवर एकही खूण करणार नाही. ऑगस्टच्या स्पर्धेची मुदत पंधरा दिवसांवर आलीये, तेवढं लक्षात ठेव.

माझी वर्गणी वहिनींच्या खात्यावर टाकलीये, नाव लावू नका कुठं. आईचा गुडघा कसा आहे ते फोनवर कधी खरं सांगत नाही, तू सांग. आणि कपाटावर तो डाग आहे का अजून, बघून सांग बरं.

तुझा,
बंड्या

ता. क. वहिनींना सांग, त्यांचा कांदा-लसूण मसाला चिकनच्या सॉसमध्ये चिमूटभर घातला होता. चिकनचा नंबर एकतिसावा आला. परीक्षकांना ठसका लागला असणार.