ओपन सोर्सला अनुभवी हातांची गरज

संपादक महोदय,

कोकणातील तरुणांनी ओपन सोर्स, म्हणजे ज्यांचा कोड कोणालाही पाहता, वापरता आणि सुधारता येतो अशा प्रकल्पांत विनामोबदला काम करावे, म्हणजे त्यांच्या नोकरीच्या अर्जाला वजन येईल, असा सल्ला देणारा लेख आपल्या दैनिकात वाचला. सल्ल्यामागील हेतूविषयी शंका नाही. परंतु गुहागर तालुक्यात राहून दोन दशकांहून अधिक काळ फ्रीलान्स प्रोग्रॅमर म्हणून काम केल्यावर आणि अलीकडची काही वर्षे अशा प्रकल्पांत स्वयंसेवक म्हणून घालवल्यावर माझे मत असे झाले आहे, की या आवाहनाचा रोख आधी आमच्या पिढीकडे हवा. नुकताच पदवी घेतलेला, शैक्षणिक कर्ज फेडणारा मुलगा आधी दोन पैसे मिळवू दे. जुन्या प्रणाली वर्षानुवर्षे सांभाळण्यात ज्यांचा हात बसला आहे, त्यांची तेथे अधिक निकड आहे.

माझा व्यवसाय पतसंस्था, काजू कारखानदार आणि आंबा बागायतदार यांच्या हिशेबाच्या प्रणाली करण्याचा. सुरुवात फॉक्सप्रो या जुन्या विदासाठा-साधनावर झाली. पुढे लिनक्स, पीएचपी आणि मायएसक्यूएल ही ओपन सोर्स साधने आली. या तीन साधनांना परवाना शुल्क पडत नसल्यामुळेच तालुक्यातील लहान पतसंस्थेला परवडेल अशा दरात काम देता आले आणि माझेही घर चालले.

स्वयंसेवेकडे मी वळलो तो सभासदांच्या यादीमुळे. संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोड या पद्धतीत ‘ळ’ला ‘ल’च्या लगेच पुढचा क्रमांक आहे, तर आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. त्यामुळे जी प्रणाली केवळ क्रमांकांवरून यादी लावते, तिच्यात काळे हे कासारांच्या आधी येतात. ‘क्ष’ला तर स्वतंत्र क्रमांकच नाही, तो ‘क’ आणि ‘ष’ यांच्या जोडणीतून बनतो, म्हणून यादीच्या शेवटी शोधावेत ते क्षीरसागर ‘ख’च्या आधीच सापडतात. वार्षिक सभेच्या आधी छापील यादी हाती घेऊन संस्थेचे व्यवस्थापक दरवर्षी हाच प्रश्न विचारीत. प्रत्येक ग्राहकाच्या प्रणालीत मी त्यावर स्वतंत्र तोडगा बसवीत असे. एका प्रकल्पाच्या त्रुटींच्या नोंदवहीत हीच अडचण दुसऱ्या कोणीतरी मांडलेली आणि पुराव्याअभावी रेंगाळलेली दिसली, तेव्हा मी तेथे मराठी आडनावांची चाचणी-यादी आणि वर्णमालेविषयीचा राज्य शासनाचा ६ नोव्हेंबर २००९ चा निर्णय सादर केला. मराठी न येणाऱ्या, पण नियम समजून घेण्याची मनापासून इच्छा असलेल्या एका परदेशी स्वयंसेवकाने चिकाटीने प्रश्न विचारले. दुरुस्ती मूळ प्रणालीतच झाली आणि ती प्रणाली वापरणाऱ्या सर्वांना मिळाली.

तेव्हापासून मी जे काम करतो, त्यात नवा कोड लिहिण्याचा भाग थोडा आहे. आलेली तक्रार स्वतःच्या संगणकावर पुन्हा घडवून पाहणे, कोणत्या आवृत्तीपासून ती उद्भवली हे शोधणे, एकच तक्रार अनेकांनी केली असल्यास ती एकत्र करणे, इतरांचे बदल ओळ न ओळ वाचणे आणि नवी आवृत्ती निघण्याआधी जुन्या विदेवर (डेटावर) ती चालवून पाहणे, असे त्याचे स्वरूप आहे. नारळी-पोफळीच्या बागांना पाणी देणारा पाट जसा वाडीने मिळून दरवर्षी उपसावा लागतो, तसेच हे आहे. मार्चअखेरीच्या रात्री ताळेबंद जुळवून दिलेल्या प्रोग्रॅमरला हे काम शिकवावे लागत नाही.

या देखभालीकडे दुर्लक्ष झाले की काय होते, हे जगाने पाहिले आहे. २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधील ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी उघड झाली, तेव्हा इंटरनेटवरील असंख्य व्यवहारांचे संरक्षण करणारी ही प्रणाली मोजकीच माणसे सांभाळीत असल्याचे कळले. २०२४ चे प्रकरण त्याहून गंभीर होते. एक्सझेड ही फाइली लहान करणारी प्रणाली एक माणूस मोबदल्याविना सांभाळीत होता. त्याच्यावर दडपण वाढत असताना मदतीच्या मिषाने आलेल्या व्यक्तीने सुमारे दोन वर्षे चांगले काम करून विश्वास मिळवला आणि अखेर आत चोरवाट बसवली. अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला दूरच्या संगणकावर प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा जादा विलंब जाणवला. त्याने त्याचा माग काढला आणि २९ मार्च रोजी प्रकार जाहीर केला. त्या थकलेल्या माणसाच्या शेजारी दोन-तीन जाणती माणसे आधीच असती, तर त्या भामट्याचे काम पुष्कळ अवघड झाले असते, असे मला ठामपणे वाटते.

याउलट केवळ नोंद मिळवण्यासाठी आलेली गर्दी त्रासदायक ठरते. २०२० च्या ऑक्टोबरात ‘हॅक्टोबरफेस्ट’ या, ओपन सोर्स प्रकल्पांना ठरावीक बदल सुचवणाऱ्यांना टी-शर्ट देणाऱ्या उपक्रमात, तो टी-शर्ट मिळवण्यासाठी असंख्य प्रकल्पांकडे निरर्थक बदलांचा पूर लोटला, त्यात आपल्या देशातील विद्यार्थीही मोठ्या संख्येने होते, आणि आयोजकांना महिन्याच्या आतच नियम बदलावे लागले. तो भार वाहिला तोही स्वयंसेवकांनीच.

कोकणातून हे काम जमेल का, असे मला विचारले जाते. पावसाळ्यात आमच्याकडे वीज आणि इंटरनेट यांचा भरवसा नसतो, हे खरे. परंतु लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या ‘गिट’ या, कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनामुळे प्रकल्पाचा संपूर्ण इतिहास आपल्याच संगणकात राहतो, नेट नसतानाही बदल करून, तपासून, नेट आल्यावर पाठवता येतात. शिवाय येथे कोणी तातडीच्या उत्तरासाठी खोळंबून बसत नाही.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडमधील माझ्या समव्यावसायिकांना विनंती आहे, की आपण रोज वापरतो त्यांपैकी एकच प्रणाली निवडून आठवड्यातील एक संध्याकाळ तिच्या प्रलंबित तक्रारींसाठी द्यावी. अभियांत्रिकी महाविद्यालयांनी अंतिम वर्षाच्या प्रकल्पात अशा देखभालीच्या कामाला गुण द्यावेत, मात्र विद्यार्थ्याचा प्रत्येक बदल बाहेर पाठवण्याआधी अनुभवी व्यक्तीने वाचलेला असावा. हे वाचन विनामूल्य करण्यास मी तयार आहे, आणि आपल्या दैनिकामार्फत कोणत्याही महाविद्यालयाने संपर्क साधल्यास येत्या सत्रापासूनच सुरुवात करता येईल.

आपला,
एक फ्रीलान्स प्रोग्रॅमर
ता. गुहागर, जि. रत्नागिरी