सनदेची तारीख नको, साक्षीदार मोजा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

महिला वकिलांवर वर्तमानपत्रांत जे छापून येते त्याचा साचा ठरून गेला आहे. सनद कोणत्या साली, 'पहिली महिला' कशाकशात, पुरस्कार कोणते, आणि शेवटी 'वकिली सांभाळून समाजकार्य'. ही बाई कोर्टात उभी राहून नेमके काय करते, ते मात्र वाचकाला कळत नाही. खटला चालवणाऱ्या वकिलाची कारकीर्द तिने स्वतः किती साक्षीदार तपासले, म्हणजे कोर्टात त्यांना प्रश्न विचारून साक्ष घेतली, यावर उभी राहते, आणि तिथेच आजही बहुतेकींचे घोडे अडते.

सनदेचा प्रश्न तसा शंभर वर्षांपूर्वी मिटला. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ साली ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्या, पण अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांना वकील म्हणून नोंदवून घेतले १९२१ साली. रेजिना गुहा यांना कलकत्त्याने १९१६ मध्ये आणि सुधांशुबाला हाजरा यांना पाटण्याने १९२१ मध्ये नकार दिला होता. १९२३ च्या कायद्याने ही आडकाठी गेली. त्याच सुमारास मिठन टाटा, पुढे मिठन लाम, मुंबई उच्च न्यायालयात वकिलीला उभ्या राहिल्या. त्यांचा पहिला खटला अशिलाने दिला तो प्रतिपक्षाला 'बाईकडून हरलो' ही नामुष्की पत्करावी लागावी म्हणून, असे सांगितले जाते. हेतू काहीही असो, काम हातात आले. पुढे त्या मुंबईच्या शेरीफ आणि अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्षाही झाल्या. आजच्या ज्युनियर मुलीला सनद मिळते, कोट मिळतो, सीनियरचे ऑफिसही मिळते. मिळत नाही तो साक्षीदार.

तिच्या वाट्याला येतात तहकुबीचे अर्ज, आरोपीच्या हजेरी माफीचे अर्ज, पुरसिस (कोर्टाला द्यायचे छोटे लेखी निवेदन), नकला काढणे आणि जामिनाच्या अर्जांचे टायपिंग. अशिलांचा कल दिसला तर पोटगीची नि घटस्फोटाची प्रकरणे. ही कामे हलकी नाहीत, पण त्यांतून उलटतपासणी, म्हणजे समोरच्या पक्षाच्या साक्षीदाराला प्रश्न विचारणे, येत नाही. ती ऐकूनही येत नाही. एक उदाहरण देतो.

साक्षीदार कोर्टात सांगतो की आरोपीच्या हातात कोयता होता. पोलिसांनी घेतलेल्या त्याच्या जबाबात कोयत्याचा उल्लेखच नाही. एवढी महत्त्वाची गोष्ट जबाबातून वगळलेली असेल तर ती विसंगती ठरू शकते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६२ खाली यायचे, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८१ खाली. पण ती आपोआप ठरत नाही. आधी साक्षीदाराला विचारावे लागते, "जबाब देताना कोयता होता असे पोलिसांना सांगितले होते का?" तो हमखास म्हणतो, "सांगितले होते, त्यांनी का लिहिले नाही ते सांगता येणार नाही." इथे अर्धेच काम झाले. उरलेले अर्धे तपासी अंमलदार, म्हणजे गुन्ह्याचा तपास करणारा पोलीस अधिकारी, साक्षीला येईल तेव्हा करायचे असते. त्याच्या तोंडून वदवून घ्यावे लागते की या साक्षीदाराने माझ्यासमोर कोयत्याचा उल्लेख केला नव्हता. हा दुसरा प्रश्न राहिला तर पहिल्याचा काही उपयोग नाही, युक्तिवादात तो मुद्दा मांडताच येत नाही. आणि या दोन साक्षींमध्ये कित्येकदा वर्ष उलटून गेलेले असते. म्हणून फाइलच्या पहिल्याच पानावर 'तपासी अंमलदाराला विचारायचे' असा कागद लावून त्यावर साक्षीदाराचा क्रमांक, निशाणी क्रमांक (कोर्टाने त्या कागदाला दिलेला क्रमांक) आणि वगळलेले वाक्य लिहून ठेवावे.

दुसरी गोष्ट, साक्ष टाइप होत असते त्या संगणकाच्या पडद्याकडे लक्ष ठेवण्याची. साक्षीदार म्हणतो, "अंधार होता, चेहरा नीट दिसला नाही, पण आवाजावरून ओळखले." टाइप होते, "मी आरोपीला ओळखले." वकिलाने त्याच क्षणी उठून, नम्रपणे पण ठामपणे, पूर्ण उत्तर नोंदवून घेतले पाहिजे. पुढच्या तारखेला केलेल्या तक्रारीला फारशी किंमत नसते. भरलेल्या कोर्टात न्यायाधीशांना मध्येच थांबवायची सवय मागच्या बाकावर बसून लागत नाही. तरुण मुलीने तसे केले की 'आक्रमक' म्हणतात आणि तिच्याच वयाच्या मुलाला 'तयारीचा' म्हणतात. हेही सगळ्यांना माहीत आहे.

म्हणून सीनियर मंडळींना सुचवावेसे वाटते की सुरुवात धनादेश न वटल्याच्या, कलम १३८ च्या प्रकरणांपासून करून द्यावी. तिथे सरतपासणी, म्हणजे आपल्याच साक्षीदाराची साक्ष, प्रतिज्ञापत्रावर होते, साक्षीदार बहुधा एकच असतो आणि बरेचसे तारखांचे गणित असते. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायला १५ दिवस, त्यानंतर एका महिन्यात तक्रार. मग फौजदारी खटल्यातले पंच, पुढे वैद्यकीय अधिकारी, त्यानंतर तपासी अंमलदार, आणि प्रत्यक्षदर्शी सगळ्यात शेवटी. साक्ष तिनेच घ्यावी, सीनियरने शेजारी बसावे आणि गप्प बसावे. हे शेवटचे बहुतेकांना जमत नाही.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी किमान तीन वर्षांची वकिली पुन्हा बंधनकारक केली. अनेक मुली आता त्यासाठी बारमध्ये येतील. ती तीन वर्षे तारखा घेण्यात गेली तर प्रमाणपत्र मिळेल, अनुभव मिळणार नाही. सरकारी वकील किंवा अतिरिक्त सरकारी वकील नेमताना सात वर्षांची वकिली लागते. विधी सेवा प्राधिकरणाच्या, आरोपींना मोफत बचावाचा वकील देणाऱ्या योजनेत मुख्य वकिलासाठी दहा वर्षांबरोबर सत्र न्यायालयातले ३० खटले चालवल्याची अट आहे. खटले मोजणारी ही अट आम्हाला जास्त रास्त वाटते.

वकिलाला पगारी बाळंतपणाची रजा नसते, स्वतंत्र वकिली करणाऱ्यांना त्या रजेचा कायदा लागूच होत नाही. सहा महिने खंड पडला की फाइल दुसऱ्याकडे जाते, आणि नव्या वकिलाचा वकालतनामा एकदा दाखल झाला की ती परत येत नाही. यावर उपाय अगदी साधा आहे. सुरुवातीपासूनच वकालतनाम्यावर तिचे आणि ऑफिसातल्या सहकारी वकिलाचे, अशी दोघींची नावे घालावीत आणि कोणते साक्षीदार कोणी तपासायचे ते आधी लिहून ठरवावे. त्यामुळे खटला ऑफिसातच राहतो आणि ती परतल्यावर पुढचा साक्षीदार तिचा असतो.

आता 'समाजकार्य'. गावात, वस्तीत बायकांचा जिच्यावर विश्वास बसतो अशी वकील फार मोलाची असते. महिलांना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते, ही १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ मधली गोष्ट गावोगाव पोचली ती अशांमुळेच. पण नेतृत्व आणि वकिली नेहमी एका वाटेने जात नाहीत. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला जाहिरात करून कामे मिळवता येत नाहीत, म्हणून शिबिरात भाषण करावे, कार्डे वाटू नयेत. ज्या संस्थेच्या कार्यकारी समितीत आपण आहोत तिच्या बाजूने किंवा विरुद्ध कोर्टात उभे राहता येत नाही. महिला मंडळाच्या अध्यक्षबाई मंडळाचाच दावा चालवायला निघतात तेव्हा हे त्यांच्या लक्षात आणून द्यावे लागते. एखाद्या कार्यालयाच्या, लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीवर बाहेरच्या सदस्य म्हणून बसलेल्या वकिलाने त्याच तक्रारदाराचे वकीलपत्र घेणे बरे दिसत नाही, आणि त्या चौकशीत पक्षकारांना वकील आणताही येत नाही.

सर्वांत जास्त चुकते ते इथे. मार खाल्लेली बाई रात्री वकीलबाईंच्या दारात येते. बाई तिच्या जखमा पाहतात, फोटो काढतात, तिला पोलीस ठाण्यात नेतात. हे सगळे योग्यच आहे, पण त्या क्षणापासून त्या साक्षीदार होऊ शकतात, आणि जिथे आपल्याला साक्ष द्यावी लागेल असे वाटण्यास कारण आहे तिथे वकीलपत्र घेऊ नये असा नियम आहे. बचाव पक्ष हा मुद्दा ऐन खटल्यात काढतो, आणि पीडितेला त्या टप्प्यावर नवा वकील शोधावा लागतो. म्हणून खटला आपणच चालवायचा असेल तर ठाण्यात आणि दवाखान्यात मंडळातल्या दुसऱ्या कार्यकर्तीला पाठवावे, फोटो तिच्याच मोबाइलवर काढावेत आणि तो मोबाइल जपून ठेवावा.

पुढच्या वेळी आपल्या दैनिकात एखाद्या महिला वकिलाची मुलाखत येईल तेव्हा वार्ताहराने तिला एवढे विचारावे, की मागच्या वर्षी साक्षीदार किती तपासले, आणि ज्युनियरला त्यातले किती दिले.

आपल्या,
सत्र न्यायालयात फौजदारी काम करणाऱ्या काही वकील