६.८ सीजीपीए आणि जर्मनीतलं मास्टर्स

केम्निट्झ, जर्मनी

चि. सईस अनेक आशीर्वाद.

दादाने तुझ्या सहा सेमिस्टरच्या गुणपत्रिका पाठवल्या. खाली एकच ओळ: "६.८ वर होईल का गं?" होईल. पण कुठे होईल, ते ६.८ चं इथे काय होतं यावर आहे.

इथे १.० म्हणजे सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे काठावर पास. तुझे गुण या श्रेणीत बदलायचे तर कमाल गुणांतून तुझे गुण वजा करायचे, कमाल आणि किमान पास गुणांमधल्या फरकाने भागायचं, ३ ने गुणून १ मिळवायचा. तुमच्याकडे कमाल १० आणि पास ४, म्हणजे ३.२ भागिले ६, गुणिले ३, अधिक १: उत्तर २.६. बऱ्याच अभ्यासक्रमांची अट २.५ असते आणि २.५ म्हणजे बरोबर ७.० सीजीपीए. सगळ्या सेमिस्टरचे क्रेडिट सारखे धरले तर उरलेल्या दोन्हींत सरासरी ७.६ हवी. शेवटच्या वर्षीच्या प्रोजेक्टला क्रेडिट जास्त असतात, म्हणून तो उरकून टाकू नकोस.

आता यातली गोची. पास गुण ४ ऐवजी ५ धरले गेले, तर तुझे तेच ६.८ थेट २.९ होतात. त्यामुळे ग्रेडिंगचा तक्ता विद्यापीठाच्या शिक्क्यासह घेऊन जोड. टक्केवारीचा दाखलाही आपण होऊन जोडू नकोस. टक्के ६० निघाले आणि पास ४० धरलं, तर उत्तर ३.० येतं.

गुणांइतकीच माणसं विषयांच्या जुळणीत गळतात, आणि ते त्यांना कळतही नाही. मेकॅनिकलच्या मास्टर्सला गणित, यांत्रिकी, थर्मो यांचे अमुक इतके ईसीटीएस, म्हणजे युरोपातले क्रेडिट, हवेत असं नियमावलीत लिहिलेलं असतं. इथे वर्षाला ६० ईसीटीएस, चार वर्षांचे २४०. तुमचे एकूण क्रेडिट १७० असतील, तर ४ क्रेडिटचा विषय ढोबळमानाने ५.६ ईसीटीएसचा झाला. पण "इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स ३" या नावावरून आत काय शिकवलं ते तपासणाऱ्याला कसं कळणार? प्रत्येक विषयाचं अभ्यासक्रमाचं पान काढ: तास, प्रकरणं, पुस्तकं. मग एक तक्ता कर. डावीकडे त्यांची अट, उजवीकडे तुझे विषय आणि पान क्रमांक. एखाद्या गटात कमी पडत असशील तर आठव्या सेमिस्टरचा इलेक्टिव्ह त्यातलाच घे. हे आत्ताच, नंतर हातात काही उरत नाही.

अर्ज आठ कर. दोन हिमतीचे, तीन बेताचे, तीन "त्सुलासुंग्सफ्राय". या शब्दाचा अर्थ, जागांवर मर्यादा नाही, अटी पूर्ण केल्या की प्रवेश. कमी गुणांच्या मुलांनी खरं तर यादी इथूनच सुरू करावी. उपयोजित विज्ञानाच्या विद्यापीठांना, म्हणजे होखशूलेंना, आपल्याकडे उगाच दुय्यम समजतात. पदवीचा दर्जा तोच असतो. डीएएडी या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या संकेतस्थळावर सगळे अभ्यासक्रम फुकट शोधता येतात. त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. खासगी विद्यापीठांकडून कमिशन घेणारा एजंट तीच नावं पुढे करणार.

प्रेरणापत्रात "लहानपणापासून मला यंत्रांची आवड" नको, ते वाक्य सगळेच लिहितात. त्या अभ्यासक्रमातले दोन विषय नाव घेऊन लिही आणि ते तुझ्या प्रोजेक्टशी कसे जोडले जातात ते सांग. एटीकेटी लागली असेल तर एका वाक्यात कारण, पुढच्या वाक्यात नंतरचे गुण. लपवून उपयोग नाही, गुणपत्रिकेवर दिसतंच. शिफारसपत्र विभागप्रमुखांचं नको. ज्यांनी तुझा प्रोजेक्ट पाहिला त्या सरांचं घे.

एपीएस प्रमाणपत्राचं, म्हणजे तुझी कागदपत्रं खरी असल्याच्या दाखल्याचं, काम सगळ्यात आधी लाव. नोव्हेंबर २०२२ पासून ते भारतीय विद्यार्थ्यांना लागतं, फी १८,००० रुपये, आणि त्याला किती आठवडे लागतील ते आपल्या हातात नसतं. बऱ्याच विद्यापीठांचे परदेशी अर्ज युनी-असिस्ट ही संस्था तपासते; तिची फी पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३०. सहा अर्ज तिथून गेले तर २२५. पैसे पोचल्याशिवाय ते अर्जाला हात लावत नाहीत आणि छाननीला चार ते सहा आठवडे घेतात. हिवाळी सत्राची मुदत बऱ्याच ठिकाणी १५ जुलै असली, तरी काही ठिकाणी परदेशी विद्यार्थ्यांची मार्च किंवा मेमध्येच संपते. प्रत्येकाची तारीख वेगळी लिहून ठेव.

दादाला सांग, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे वर्षभराच्या खर्चाचे पैसे अडकवून ठेवायच्या खात्यात, सध्या ११,९०४ युरो दाखवावे लागतात, पण ते व्हिसाच्या वेळी. आत्ता ठेवी मोडू नकोस म्हणावं. बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे आणि म्युनिकच्या टीयूमध्ये, म्हणजे तंत्र विद्यापीठात, मास्टर्सला ४,००० ते ६,०००. हे धरूनच यादी कर.

तक्ता झाला की मला पाठव. विषयांची जुळणी मी तपासते. वहिनीला आणि आईला नमस्कार.

तुझी
आत्या