२७ तारखेचा नाताळ

भुसावळ,
आगमनकाळाचा पहिला रविवार,
३० नोव्हेंबर २०२५

प्रिय आजी,

सप्रेम नमस्कार.

आज आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचे चार आठवडे, सुरू झाला. मिस्सेहून, म्हणजे चर्चमधल्या उपासनेहून, आल्या आल्या थोरलीने मला माळ्यावर चढवलं. तुमचा पत्र्याचा डबा खाली निघाला. तुमची लाकडी गव्हाण, मेणबत्त्यांचं कडं आणि तुमच्या जुन्या साडीचा तो जांभळा तुकडा, सगळं जसंच्या तसं आहे. मधला खाली जाऊन कडुनिंबाच्या डहाळ्या घेऊन आला, कडं सजलं, तीन जांभळ्या मेणबत्त्या आणि एक गुलाबी लागली. पहिली पेटवताना धाकटीने विचारलं, "आजी कुठंय?" तुम्ही पुण्याला लेकाकडे गेलात त्याला आता सहा महिने होतील. लिहीन लिहीन म्हणत राहिले. तिने विचारलं आणि मी लिहायलाच बसले.

हे पत्र मी सगळ्यांनी वाचावं असं लिहितेय, रागावू नका. तुमचा नातू तुम्हाला ते मोठ्याने वाचून दाखवेलच. पण आमच्यासारखी कितीतरी घरं आहेत. बाप ड्युटीवर, चर्च लांब, पोरं लहान, आणि सणाच्या दिवशी घरात नेमका ताप. तुम्ही मला जे दिलंत ते त्यांच्यापर्यंतही जावं असं वाटतं.

२०१७ मध्ये आम्ही इथे आलो तेव्हा थोरली दहा महिन्यांची होती. मी वसईची. तिथे चर्चची घंटा स्वयंपाकघरात ऐकू येते आणि नाताळच्या गोठ्यांसाठी आळीआळीत रात्री जागवतात. सण आपोआप अंगावर येतो, तो करावा लागतो हे मला ठाऊकच नव्हतं. इथे क्वार्टरच्या जिन्यात आमचं एकच घर ख्रिस्ती असं मला तेव्हा वाटायचं, आणि मुलांचे पप्पा मालगाडीवर. कॉल आला की निघायचं. कधी इगतपुरी, कधी खंडवा, कधी बडनेरा. परत कधी येणार ते त्यांनाही माहीत नसायचं.

आणि त्याच सुमारास ते घडलं होतं. एका दुसऱ्या गावी पाहुणे म्हणून गेलो असताना मिस्सेत थोरली रडली. पुढच्या बाकावरच्या गृहस्थांनी वळून सांगितलं, "मूल सांभाळता येत नसेल तर घरी थांबायचं." सगळ्यांनी ऐकलं. मी तिला उचलून बाहेर आले ती परत आत गेलेच नाही. पुढे रविवार आला की काहीतरी कारण निघायचं. असं पार नाताळपर्यंत चाललं.

२४ डिसेंबरला संध्याकाळी पप्पांना कॉल आला. रात्री पोरीला ताप भरला. मधला पोटात. मध्यरात्रीची मिस्सा नाही, केक नाही, गोठा नाही. २५ तारीख अशीच गेली. २६ ला दुपारी दार वाजलं आणि समोर तुम्ही. पांढरी साडी, हातात झाकलेली ताटली. तोवर आपण जिन्यात दोनदा हसलो असू, तेवढीच ओळख. तुमचं माहेर धुळ्याकडचं, रेल्वेच्या दवाखान्यात तुम्ही तीस वर्षं नर्स होतात, हे मला सगळं नंतर कळलं. माझा चेहरा बघून तुमच्या तोंडून तुमच्या माहेरचीच भाषा आली, "काब रडी ऱ्हायनी व माय?" का रडतेस गं, म्हणून.

मी म्हटलं, "आजी, नाताळ होऊन गेला, आमचा झालाच नाही."

तुम्ही ताटली ठेवलीत आणि खुर्ची ओढून बसलात. "होऊन गेला? कोणी सांगितलं? नाताळ आठ दिवसांचा असतो. एक तारखेपर्यंत चर्च तोच दिवस मोजतं. आणि पुढे जानेवारीत प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सण येईपर्यंत नाताळाचाच काळ. तुझा नवरा कधी येतोय?" मी म्हटलं, उद्या येतील बहुतेक. "मग उद्या करू. आमच्या घरी अठ्ठावीस वर्षं असंच केलं. माझा माणूस ड्रायव्हर होता. एक पंचवीस तारीख घरी मिळाली असेल त्याला, नाहीतर दोन."

२७ ला पप्पा आले, आंघोळ करून झोपले आणि संध्याकाळी उठले तेव्हा घरात गोठा होता. पाऊण तासात उभा केलात तुम्ही. खालच्या सरपणातल्या पऱ्हाट्या, कापसाच्या झाडाच्या वाळक्या काड्या, तोडून त्याच्या भिंती, वर केळीच्या वाळलेल्या पानांचं छप्पर. वसईच्या गोठ्यात मी पेंढा बघितला होता, पऱ्हाटीचा गोठा पहिल्यांदा बघत होते. तुम्ही म्हणालात, "बाळ खानदेशात जन्मलं असतं तर ह्यातच जन्मलं असतं." आपण गाणी म्हटली. पप्पा रडले, ते तुम्ही बघितलं नाही असं दाखवलंत. त्याबद्दलही आभार.

त्या दिवसापासून आमच्या घराचं वर्ष बदललं. मला वाटायचं, सण चुकला म्हणजे चुकला. तुम्ही एकेक करून दाखवत गेलात की आपल्या चर्चने सगळे मोठे सण लांब पसरून ठेवलेत. गाडी लेट झाली तरी प्लॅटफॉर्मवर माणूस उभा सापडावा, तसे.

आधी मात्र तुम्ही मला परत आत नेलंत. रविवारी नाही, एका बुधवारी दुपारी, चर्च रिकामं असताना. थोरलीला कडेवर घेऊन तुम्ही पवित्र भाकरी ठेवतात त्या पेटीजवळचा लाल दिवा दाखवलात. "हा दिवा लागला असला की येशू घरी आहे." मग भिंतीवरची क्रुसाच्या वाटेची चौदा चित्रं, एकेका चित्रापाशी थांबून, तिने बोट लावेपर्यंत. पुढच्या रविवारी तुम्ही आम्हाला पहिल्या बाकावर बसवलंत. मी मागे दाराशी बसायला बघत होते. तुम्ही म्हणालात, "मागून लेकराला फक्त माणसांच्या पाठी दिसतात. कंटाळणार नाही तर काय करेल?" ती रडली तेव्हा तुम्ही माझा हात धरून ठेवलात. उठू दिलं नाही. फादरांनी वाचन थांबवलं नाही, कोणी वळून पाहिलं नाही, आणि तिचं रडणं आपलं आपण थांबलं. आज ती त्याच बाकावर धाकटीला शांत करते.

प्रायश्चित्तकाळाचं, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांचंही तसंच. राखेच्या बुधवारी मधला चार वर्षांचा असताना कपाळावरची राख बघून आणि "तू माती आहेस" हे शब्द ऐकून घाबरला. "मी माती आहे?" घरी येईपर्यंत तेच. मला उत्तर सुचेना. गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून ही राख करतात, एवढं मी सांगू शकले. तुम्ही त्याला स्टेशनापलीकडच्या शेतात नेलंत. काळ्या जमिनीला भेगा पडायला लागल्या होत्या. त्याचा हात तुम्ही भेगेत घातलात, आत गार होतं. "हिच्यात कापूस होतो, केळी होते, दादर ज्वारी होते. माती असण्यात वाईट काय रे?" त्यानंतर कितीतरी दिवस तो येईल त्याला अभिमानाने सांगायचा, मी माती आहे म्हणून.

मीही त्या वर्षी उत्साहाच्या भरात मुलांना शुक्रवारी उपाशी ठेवायला निघाले होते. तुम्ही मला चांगलं झापलंत. मांस वर्ज्य करायचा नियम चौदा वर्षांपुढे, उपवासाचा अठरा पूर्ण झाल्यावर, लेकराला फक्त अर्थ समजावायचा, पोट मारायचं नाही. मग शुक्रवारी पिठलं-भाकरी सगळ्यांनाच, आणि वाचलेले पैसे बरणीत. बरणीत किती झाले ते मोजायचा मान धाकटीला. बास.

पवित्र शनिवारची, ईस्टरच्या आदल्या दिवसाची रात्र मात्र मी विसरू शकत नाही. एप्रिलमधलं भुसावळ, रात्री आठलाही भिंती तापलेल्या. अंगणात नवा अग्नी पेटला तेव्हा मुलं जागी होती, मग वाचनं सुरू झाली आणि तिन्ही आडवी. तुम्ही घरूनच चादर आणली होती, ती बाकाखाली अंथरलीत. मी त्यांना हलवून उठवत होते, तर तुम्ही म्हणालात, "झोपू दे. आग बघितली ना? आता घंटेला उठव." त्याच आठवड्यातल्या आज्ञा गुरुवारच्या गौरवगीतापासून घंटा मुक्या असतात, हे मी जन्मभर बघत आले होते, पण मुलांना ते ऐकवायचं असतं हे सुचलं नव्हतं. घंटा वाजायच्या क्षणभर आधी तुम्ही मधल्याला उचलून उभा केलात. दिवे लागले, सगळ्या घंटा एकदम वाजल्या, आणि तो अर्धवट झोपेत, घामाने निथळत, तोंड उघडं टाकून बघत राहिला. अजूनही घरात कुकरची शिट्टी झाली नि लाइट आली असं एकदम झालं की म्हणतो, "ईस्टर!"

आणि मग तुमचा पन्नास दिवसांचा हिशोब. "चाळीस दिवस तोंड पाडून बसायला सगळ्यांना जमतं. पन्नास दिवस आनंद करायला कोणाला जमत नाही." पेन्टेकॉस्टपर्यंत, म्हणजे ईस्टर धरून पन्नासाव्या दिवसापर्यंत, दर रविवारी तुमच्याकडून काहीतरी गोड येणार म्हणजे येणार. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, बहुतेक त्याच दिवसांत पडते. पाटीलकाकूंच्या माहेरवाशिणी येतात, लिंबाला झोके बांधतात, आणि आपली पोरं त्यावर झोके घेत "आलेलुया" ओरडतात. काकूंना त्याचं काही वाटत नाही. उलट खापरावरची पुरणपोळी आणि रसाची वाटी ठरलेली. यंदा ईस्टरच्या सोमवारी, २१ एप्रिलला, पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी आली तेव्हा तुम्ही दिवसभर टीव्हीसमोर जपमाळ घेऊन होतात. मला वाटलं, ह्या रविवारी काही नाही. आमरस घेऊन आलातच. "पास्काकाळात, ईस्टरच्या दिवसांत गेले ते. त्यांच्यासाठीही गोडच करायचं."

पावसाळ्याचं थोडक्यात सांगते. १५ ऑगस्टला शाळेत झेंडा आणि मग मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाची मिस्सा, ८ सप्टेंबरला तिच्या जन्मदिवसाला बांधावरची फुलं. तुमच्यामागे दोन्ही झालं. हरेगावच्या मतमाउलीला, मरियामातेच्या यात्रेला, जायचं यंदाही राहिलं. जाऊ.

मला तुम्हाला एक गोष्ट मुद्दाम आठवून द्यायची आहे, तुम्ही कदाचित विसरला असाल. आगमनकाळात कापसाचा नेम तुम्ही लावलात. यावलकडून ओळखीच्यांकडून पिशवीभर कापूस यायचा, सरकीसकट. रिकामी गव्हाण टेबलावर. मुलांनी कोणासाठी काही चांगलं केलं की एक पुंजका, सरकी काढून, आत ठेवायचा. नाताळला बाळ येईल तेव्हा अंथरूण मऊ पाहिजे. एका संध्याकाळी मधल्याने थोरलीला ढकललं, तिचा ओठ फुटला. मी ओरडायच्या आत तो स्वतःच टेबलापाशी गेला आणि सकाळी ठेवलेला आपला पुंजका उचलून खिशात घालायला लागला. मला ते बरोबरच वाटलं होतं. शिक्षाच नव्हे का? तुम्ही उठून त्याच्याशेजारी जमिनीवर बसलात, गुडघे दुखत असताना. त्याची मूठ उघडलीत. आत कापूस चुरगाळलेला, आणि त्यात बोंडाच्या सालीचा एक वाळका, टोकदार तुकडा. तो तुम्ही नखाने काढलात. "दिलेलं परत घ्यायचं नाही. हे तेवढं काढून टाक, बाळाला टोचेल." मग त्याने पुंजका परत ठेवला आणि ताईजवळ जाऊन उभा राहिला. काही बोलला नाही. तिनेच त्याला जवळ घेतलं.

मी त्या दिवशी आई म्हणून जे शिकले ते मला दुसरं कोणी शिकवलं नसतं.

आता तुमच्या कामाची बातमी. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, पप्पा बडनेऱ्याला होते. थोरलीने स्वतःच हिशोब केला. "आजी म्हणायच्या ना, कबरस्तानात आठ तारखेपर्यंत जाऊन प्रार्थना करता येते?" ५ तारखेला पाचही जण गेलो. तुम्ही जाताना आजोबांच्या कबरीची काळजी करत होतात, ती सोडा. पावसाळ्यात गवत कमरेएवढं झालं होतं. पप्पांनी ते विळ्याने कापलं, मधल्याने क्रूस पुसला, थोरलीने झेंडूची माळ घातली. पलीकडून मालगाडी गेली. पप्पा उभे राहून ती जाईपर्यंत बघत होते, म्हणाले, आजोबांनाही ह्याच लाइनवर असताना मुलांचे सण असेच चुकले असतील. आम्ही "हे आमच्या स्वर्गातील बापा" म्हटलं, मेणबत्त्या लावल्या आणि निघालो.

धाकटी मागे राहिली. बघितलं तर वाटेत कुंपणाजवळ उडून आलेला कापूस तिने गोळा केला होता आणि क्रुसाच्या पायथ्याशी ठेवत होती. त्याआधी एकेक काडी, एकेक कचरा बोटाने वेचून बाजूला काढत होती. मी विचारलं, काय करतेस? म्हणाली, "आजोबांना टोचेल."

पप्पांचा २४ चा कॉल आयत्या वेळीच कळणार. तुमचे डोळे बरे असतील तर नातवाला घेऊन या. २५ लाच पाहिजे असं नाही. पऱ्हाट्या आणून ठेवल्या आहेत.

तुमची,
जिन्याच्या समोरच्या दारातली पोर आणि तिची तीन लेकरं