चि. मनूस, तुझ्या साइटबद्दल

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या लेखनाचे नमुने मांडलेली, तू पाठवलेली साइट आधी फोनवर पाहिली, मग बाबांच्या लॅपटॉपवर. रंग छान आहेत, फोटो साजेसा आहे. पण पान उघडताच सगळ्यात आधी दिसतं ते ‘शब्दांवर मनापासून प्रेम करणारी लेखिका’. हे वाक्य आजच काढ. वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या टेबलावर काम करताना लेखनाचं काम मागणारी असली पत्रं माझ्याकडे रोज यायची, आणि शब्दांवर प्रेम नसलेल्या कुणाचंच पत्र त्यात नसायचं. त्या वाक्याने तू इतरांहून वेगळी दिसत नाहीस, आणि तू वेगळी आहेस हे मला माहीत आहे म्हणून एवढं लिहितेय.

संपादक तुझी लिंक उघडेल तेव्हा त्याला संध्याकाळचं पान छपाईला सोडायचं असेल. त्याला तेवढ्यात कळायला हवं की ही कोण, कशावर लिहिते, आणि हिला काम दिलं तर मजकूर धड आणि वेळेत येईल का. तेव्हा वर साधं लिही: ‘नाशिकला राहते. शेती, पाणी आणि बाजार समित्या यांवर मराठीत आणि इंग्रजीत लिहिते. इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते.’ बस. तुझं नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये, दोन्ही लिपींत दे. आपलं आडनाव लोक इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहितात. त्यातली एक तऱ्हा ठरव आणि साइट, ईमेल, लेखाखालचं नाव सगळीकडे तीच ठेव. नाहीतर शोधणाऱ्याला अर्धी तू एकीकडे सापडशील आणि अर्धी दुसरीकडे.

आता मुख्य गोष्ट. आतापर्यंत छापून आलेलं सगळंच तू तिथे लावलं आहेस. कॉलेजच्या अंकातली कविता, मिक्सर-ग्राइंडरची वर्णनं, प्रवासवर्णन, द्राक्षबागांचा लेख, सगळं तारखेच्या क्रमाने. मिक्सर सगळ्यात अलीकडचा, म्हणून तोच वर आलाय. मनू, जे वर ठेवशील त्याच धर्तीचं काम तुझ्याकडे येईल. मिक्सरचं काम वाईट आहे असं मी म्हणत नाही, त्यातून घरभाडं निघतं. पण नोकरी सोडताना तू मला सांगितलं होतंस की तुला शेतीवर लिहायचंय. मग साइटने तेच सांगायला हवं. व्यापारी बागेत येतो तो सगळी बाग चाखत बसत नाही, दोन-चार घड हातात घेतो आणि ठरवतो. ते घड तूच निवडून पुढे धर.

माझ्या मते द्राक्षांचा लेख सगळ्यात वर हवा. त्यात तू एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी यांतला फरक सांगितला आहेस: पहिलीत पुढच्या हंगामासाठी काडी तयार होते, दुसरीनंतर फळ धरतं, आणि त्या फुलोऱ्याच्या दिवसांत अवकाळी पाऊस आला तर मणी का गळतात. हे शिवारात उभं राहून विचारल्याशिवाय लिहिता येत नाही, आणि जाणत्या संपादकाला ते दुसऱ्या परिच्छेदातच कळतं. त्याच्याखाली लासलगावच्या कांदा लिलावाचा लेख ठेव. मग एक अनुवाद, एक इंग्रजी लेख. कविता काढ. ती मला आवडते, माझ्याकडे राहू दे.

प्रत्येक लेखाशेजारी दोन ओळी लिही: कुठे, कधी आला, काय मागितलं होतं आणि त्यात तुझं काम कोणतं. अनुवाद असेल तर मूळ लेखकाचं नाव आणि मूळ भाषा आलीच पाहिजे, त्याशिवाय तो लावूच नकोस. दोघींनी मिळून लिहिलं असेल तर तसं सांग. मुलाखती तू घेतल्या आणि लेखन दुसऱ्या कुणी केलं असेल तर तेही. हल्ली यंत्राकडून मजकूर लिहून घेता येतो, त्यामुळे संपादक पूर्वीपेक्षा जास्त खोदून विचारतात, आणि ते रास्त आहे. तुझ्या वह्या आणि ध्वनिमुद्रणं जपून ठेव. कुणाशी बोललीस, कोणत्या गावात, हे सांगता आलं की तो प्रश्न तिथेच मिटतो.

तू विचारलं होतंस की ज्या कंपन्यांसाठी नाव न लावता लिहिलं, ते दाखवायचं कसं. परवानगी नसेल तर दाखवायचं नाही. ‘एका सिंचन कंपनीसाठी ठिबक संचाच्या देखभालीवर शेतकऱ्यांना समजेल अशी मराठी पुस्तिका लिहिली’ एवढं लिहिलंस तरी काम कळतं, तेही गोपनीयतेच्या करारात बसत असेल तर. आणि ज्या विषयावर अजून कुणी काम दिलेलं नाही पण तुला हवंय, त्यावर स्वतःहून एक लेख लिही आणि त्यावर स्पष्ट छाप ‘स्वतःहून लिहिलेला नमुना’. त्यात कमीपणा काही नाही. मी टेबलावर असताना अशा नमुन्यावरूनच नव्या माणसांना काम दिलेलं आहे.

हक्कांचं मात्र शांतपणे वाच, कारण यात लिहिणारी माणसं फार नुकसान सोसतात. आपला कॉपीराइट कायदा १९५७चा. त्याच्या १७व्या कलमानुसार लेखनाचा पहिला हक्क लेखकाचा. पण नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून जे लिहिलं ते, वेगळा करार नसेल तर, बहुतेक वेळा मालकाचं. म्हणून तुझ्या आधीच्या ऑफिसातले लेख तू अख्खे उचलून साइटवर लावले आहेस ते उतरव. त्यांची लिंक दे, किंवा लेखी परवानगी माग. नोकरी सोडल्यावर मुक्तपणे लिहिलेलं तुझं आहे, जोवर तू ते लिहून देत नाहीस. आणि लिहून देणं म्हणजे खरोखर लेखी, तुझ्या सहीनिशी. १९वं कलम तसंच सांगतं. त्यातच पुढे असंही आहे की हक्क किती काळासाठी दिले हे लिहिलं नसेल तर ती मुदत पाच वर्षं धरायची, आणि कुठल्या प्रदेशासाठी हे लिहिलं नसेल तर भारतापुरतंच. म्हणून करारात ‘सर्व हक्क, कायमचे, जगभर’ असे शब्द दिसले की थांब आणि विचार. दर वेळी नकार दे असं नाही. मानधन तसं असेल तर हक्क दे. पण एक ओळ घालून घे: ‘लेखिकेला हा मजकूर स्वतःच्या कामाचा नमुना म्हणून दाखवता येईल.’ ही ओळ काम सुरू होण्याआधी सहज मिळते. काम संपल्यावर तिच्यासाठी ईमेलमागून ईमेल करावे लागतात. आणि ५७वं कलम लक्षात ठेव. हक्क विकले तरी हे लेखन माझं आहे असं म्हणण्याचा लेखकाचा अधिकार या कलमाने राखलेला आहे.

तुझी साइट म्हणजे सध्या नुसत्या लिंकांची यादी आहे, याची मला काळजी वाटते. वर्तमानपत्रं साइट बदलतात, पुरवण्या बंद होतात, आणि जुने लेख उघडेनासे होतात. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०२४मध्ये मांडलेला हिशोब असा, की २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. जिओसिटीजवर लाखो लोकांनी आपापली पानं मांडली होती, याहूने २००९मध्ये ते बंद केलं. म्हणून लेख प्रसिद्ध झाला त्याच दिवशी त्या पानाची पीडीएफ काढ, तारीख आणि वर्तमानपत्राचं नाव दिसेल अशी. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर पत्ता टाकून त्याची प्रतही ठेवता येते; काही साइट ते होऊ देत नाहीत, पण करून पाहा. पीडीएफ दोन ठिकाणी ठेव. आणि ड्राइव्हची लिंक संपादकाला पाठवण्याआधी दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघ. ‘परवानगी मागा’ असं दिसलं की समोरचा ती मागत बसत नाही.

दिवाळी अंकांचं तर वेगळंच दुखणं आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठीतलं कितीतरी जीव ओतून केलेलं लेखन या अंकांत येतं, आणि त्यातलं फार थोडं इंटरनेटवर दिसतं. तुझा गोदाकाठच्या बंधाऱ्यांवरचा लेख तसाच अडकलाय. मुखपृष्ठ, अनुक्रमणिकेचं पान आणि लेखाचं पहिलं पान स्कॅन कर. संपादकांना विचारून पूर्ण लेख साइटवर मजकूर म्हणून टाक, फोटो म्हणून नको. फोटोतली अक्षरं शोधात चांगली सापडत नाहीत, आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्या फोनला ती नीट वाचून दाखवता येत नाहीत. त्यांच्याकडच्या पीडीएफमधून मजकूर उचलायला जाशील तर अगम्य रोमन अक्षरं हाती येण्याची शक्यता आहे, कारण बऱ्याच छपाईच्या फायली अजून युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या यंत्रांवर सारखी चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये असतात. तो मजकूर बदलून देणारी साधनं आहेत, पण त्यांत ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे जाते आणि रफार पुढच्या अक्षरावर बसतो. त्यापेक्षा तुझी मूळ फाइल युनिकोडमध्ये असेल तर तीच घे आणि छापलेल्याशी ताडून बघ. ताडायचं काम माझ्याकडे दे, ते मी आनंदाने करीन.

साइटचा पत्ता स्वतःच्या नावाचा घे, शेवटी डॉट इन. फुकटच्या पत्त्यावर दुसऱ्याचं नाव मिरवायचं कशाला? देवनागरीतला डॉट भारत २०१४पासून मिळतो आणि तो तुझ्याकडे असावा असं मला मनापासून वाटतं. पण कामाचा पत्ता रोमनच ठेव, कारण परगावच्या ग्राहकाला तोच टंकता येईल. दरवर्षीचं नूतनीकरण स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर ठेव. साइट बनवून देणाऱ्या मित्राच्या खात्यावर नको, तो कितीही चांगला असला तरी. मराठी आणि इंग्रजी पानं वेगळी ठेव, आणि मराठी पानाची भाषा सेटिंगमध्ये मराठीच निवड.

तुझा मोबाइल नंबर आणि घरचा पत्ता दोन्ही तिथे दिसतायत. ते आज रात्रीच काढ. एकटी राहतेस. कामासाठी वेगळा ईमेल पुरेसा आहे. ज्याला खरंच काम द्यायचंय तो लिहितो.

दर लिहावेत की नाही हे विचारलं होतंस. मी लिहिले नसते. लासलगावला चार दिवस जाऊन लिहिलेला लेख आणि घरी बसून केलेला अनुवाद एकाच प्रतिशब्द दरात बसत नाहीत. पण मानधन किती आणि कधी मिळणार हे होकार देण्याआधी विचारायला कधीही संकोचू नकोस.

दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, त्यामुळे जूनच्या आत पान तयार हवं. पहिल्या टप्प्यात द्राक्षं, लासलगाव आणि बंधाऱ्यांचा लेख, एवढेच टाक. बंधाऱ्यांचा अंक माझ्या कपाटात आहे, तुझ्याकडचा सापडत नसेल तर रविवारी बाबा स्कॅन करून पाठवतील. मूळ फाइल मला आजच मेल कर, म्हणजे तोवर माझं वाचून होईल.

तुझी,
आई